अमेरिकेत आईला डिपेंडंट म्हणून दाखवताना

२०२४ या वर्षाच्या माझ्या अमेरिकी आयकर विवरणपत्रात मी प्रथमच आईचे नाव डिपेंडंट, म्हणजे जिचा निर्वाह मी करते अशी व्यक्ती, म्हणून घातले. ते विवरणपत्र स्वीकारले गेले, परतावाही मिळाला, आणि सर्व कागद फाइलला लावून झाल्यावर आता हा अनुभव लिहीत आहे. लहान मुलांना डिपेंडंट कसे दाखवायचे हे इथे कोणीही सांगू शकते; पण आई-वडील, सासू-सासरे किंवा एकटा राहणारा मामा यांच्याविषयी विचारले की आपल्या मंडळींकडून एकमेकांशी न जुळणारी उत्तरे मिळतात, आणि प्रत्येकाला आपले उत्तर खात्रीचे वाटत असते. मला जे नीट समजून घ्यावे लागले, ते क्रमाने सांगते.

आधी आमची परिस्थिती सांगायला हवी, कारण या विषयात प्रत्येक उत्तर परिस्थितीवर ठरते. मी न्यू जर्सीत एडिसनजवळ दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहते, नोकरी करते आणि अविवाहित आहे. बाबा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यांच्या पश्चात राहिलेल्या मुदत ठेवींचे व्याज मिळते. मी इथली नागरिक झाल्यावर आईसाठी अर्ज केला आणि २०१८ मध्ये ती ग्रीन कार्डावर आली. पहिली काही वर्षे ती मुख्यतः ह्यूस्टनला दादा-वहिनींकडे राहिली आणि २०२३ च्या उन्हाळ्यात कायमची माझ्याकडे आली. २०२४ मध्ये कडाक्याच्या थंडीचे दोन महिने ती दादाकडे होती, नोव्हेंबरचा महिना भारतात होती, आणि उरलेले नऊ महिने माझ्या घरी.

जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात आला तेव्हा हा प्रश्न मी प्रथम गंभीरपणे घेतला. आईला इथे आणताना मी आय-८६४ हे हमीपत्र सही करून दिले होते, त्यामुळे ती कायद्याने माझी डिपेंडंट आहेच, असे मला अनेकांनी सांगितले. हे खरे नाही. ते हमीपत्र स्थलांतराच्या कायद्यातले आहे. ती सरकारी मदतीवर विसंबू नये यासाठी तिच्या उत्पन्नाची जबाबदारी मी घेते, एवढाच त्याचा अर्थ. आयकराचा कायदा त्या कागदाकडे पाहत नाही. तो प्रत्येक वर्षी नव्याने विचारतो की त्या वर्षात या व्यक्तीचे उत्पन्न किती होते आणि तिचा खर्च प्रत्यक्ष कोणी केला.

आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांतून हे तपासून देणारे एक मोफत साधन आहे आणि प्रकाशन क्रमांक ५०१ मध्ये सर्व नियम उदाहरणांसह दिलेले आहेत. मी ते प्रकाशन छापून घेतले आणि दोन शनिवार-रविवार त्यावर पेन्सिलीने खुणा करत वाचले. कोणत्याही सल्लागाराकडे जाण्यापूर्वी हे वाचन करावे, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण कोणते प्रश्न विचारायचे हे कळल्याशिवाय मिळालेल्या उत्तराची पारख करता येत नाही.

प्रौढ नातेवाईक ज्या वर्गात बसतात त्याला क्वालिफाइंग रिलेटिव्ह म्हणतात. त्यासाठी नाते ठरावीक असावे लागते. त्या व्यक्तीचे वर्षाचे करपात्र स्वरूपाचे उत्पन्न एका मर्यादेच्या आत असावे लागते, आणि २०२४ साठी ही मर्यादा ५,०५० डॉलर होती. तिच्या वर्षभराच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक भाग आपण उचललेला असावा लागतो. आणि ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी असावी लागते, अथवा कॅनडा किंवा मेक्सिकोची रहिवासी असली तरी चालते. या शेवटच्या अटीमुळे पुण्या-नाशिकात राहणाऱ्या आई-वडिलांना, त्यांचा सगळा खर्च आपणच पाठवत असलो तरी, डिपेंडंट दाखवता येत नाही. व्हिसावर काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. दिवसांच्या मोजणीने ते एखाद्या वर्षी करदृष्ट्या रहिवासी ठरू शकतात. पण मग त्यांचे जगभरचे उत्पन्न इथल्या कायद्याच्या कक्षेत येते, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक नसल्यामुळे विवरणपत्राच्या मुदतीच्या आत आयटिन, म्हणजे केवळ करासाठीचा ओळख क्रमांक, काढून घ्यावा लागतो. केवळ एका सवलतीसाठी त्या वाटेने जाण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

नात्यांची यादी आपल्या कुटुंबपद्धतीच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. आई-वडील, आजी-आजोबा, सख्खी भावंडे, सासू-सासरे, तसेच आई-वडिलांची सख्खी भावंडे म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी, यांनी आपल्या घरात राहण्याची अट नाही. ते वेगळ्या घरी राहत असले तरी बाकीच्या अटी पूर्ण झाल्यास चालते. मात्र काकू आणि मामी रक्ताच्या नात्याच्या नसल्यामुळे या यादीत नाहीत, आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडेही नाहीत. त्यांना दाखवायचे असेल तर त्यांनी पूर्ण वर्ष आपल्या घरात राहिलेले असावे लागते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात विधवा काकू तीस वर्षांपासून घरातली म्हणून वावरतात, तरी वर्षातले काही महिने त्या स्वतंत्र घर घेऊन राहतात म्हणून त्यांना दाखवता येत नाही. मनाला हे पटत नाही, पण नियम तसा आहे.

माझ्या दृष्टीने या सगळ्याचे महत्त्व केवळ पाचशे डॉलरच्या सवलतीपुरते नव्हते. प्रौढ डिपेंडंटसाठी मिळणारे टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजा होणारी रक्कम, ५०० डॉलर आहे, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु अविवाहित व्यक्तीने आई किंवा वडिलांना डिपेंडंट म्हणून दाखवले आणि त्यांच्या घराचा निम्म्याहून अधिक खर्च केला, तर तिला हेड ऑफ हाउसहोल्ड या वर्गात विवरणपत्र भरता येते. २०२४ साठी एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, १४,६०० डॉलर होती, तर या वर्गाची २१,९००. शिवाय कराचे टप्पेही अधिक सौम्य आहेत. माझा पगार एक लाख पाच हजार डॉलर आहे, आणि त्यावर हा फरक सुमारे ३,३०० डॉलरचा निघाला. एवढी रक्कम पणाला लागलेली असताना अंदाजाने काही लिहिणे मला शक्यच नव्हते.

सर्वांत कठीण भाग आईच्या उत्पन्नाचा होता, आणि तिथेच मला पहिला चुकीचा सल्ला मिळाला. घराजवळच्या एका कर-दुकानात मी सहज चौकशी केली, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी भारतातले पेन्शन इथे धरायचेच नसते, दोन देशांमधल्या कर-करारात तसे लिहिले आहे, असे सांगून माझे बोलणे संपवले. भारत-अमेरिका करारात सरकारी सेवेच्या निवृत्तिवेतनाविषयी कलम आहे हे खरे. पण जी व्यक्ती इथे स्थलांतरित म्हणजे ग्रीन कार्डधारक आहे तिला त्या कलमाचा लाभ अमेरिकेकडून मागता येत नाही, हेही त्याच करारात आहे. म्हणून आईचे कुटुंब निवृत्तिवेतन पूर्णपणे उत्पन्नात धरणे आवश्यक होते. हे मला पुढे ज्या एन्रोल्ड एजंट बाईंकडे मी काम दिले त्यांनी करारातली कलमे उघडून दाखवली. एन्रोल्ड एजंट म्हणजे आयआरएसची परीक्षा उत्तीर्ण होऊन करदात्याची बाजू मांडण्याचा अधिकार मिळवलेले सल्लागार. परदेशी उत्पन्नाचा प्रश्न असेल तर अशा किंवा त्या विषयात काम करणाऱ्या सीपीएकडेच, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाकडेच, जावे. त्यांनी माझे आणि आईचे अशा दोन विवरणपत्रांचे मिळून ४७५ डॉलर घेतले. आईचे वेगळे विवरणपत्र का लागले, ते पुढे येईल.

उत्पन्न धरायचे ते जानेवारी ते डिसेंबरचे, आणि आपल्या बँका व्याजाचे प्रमाणपत्र देतात ते एप्रिल ते मार्चचे. त्यामुळे दोन आर्थिक वर्षांची प्रमाणपत्रे जोडून काहीच साधत नाही. पासबुकातली प्रत्येक नोंद तारखेप्रमाणे वेगळी काढावी लागते. आईचे एक खाते साताऱ्याच्या शाखेत आहे आणि त्याचे जुने विवरण संगणकावर पूर्ण दिसत नव्हते. माझा मामेभाऊ शाखेत जाऊन अर्ज देऊन आला, आणि शिक्क्याचे विवरण फेब्रुवारीच्या अखेरीस स्कॅन होऊन माझ्याकडे पोहोचले. ज्यांना पुढच्या वर्षी हे करायचे आहे त्यांनी डिसेंबरमध्येच अर्ज देऊन ठेवावा. आई अनिवासी झाल्यापासून तिची खाती एनआरओ प्रकारची, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीची, आहेत आणि व्याजातून ३१.२ टक्के कर आधीच कापला जातो; पण उत्पन्न मोजताना कापून हातात आलेले व्याज धरायचे नसते, मूळ व्याज धरायचे असते. हा फरक लक्षात न घेता काढलेला आकडा पाहून अनेकांना आपण मर्यादेच्या पुष्कळ आत आहोत असे वाटू शकेल. ज्यांच्या आई-वडिलांचे पीपीएफ खाते आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की भारतात करमुक्त असलेले व्याज इथे आपोआप करमुक्त होत नाही.

वर्षभराचे निवृत्तिवेतन, महागाई भत्त्याच्या थकबाकीसह, ३,१२,००० रुपये झाले आणि व्याज ७६,००० रुपये. एकूण ३,८८,००० रुपये. आयआरएस दरवर्षी सरासरी विनिमय दर प्रसिद्ध करते. २०२४ साठी तो डॉलरला सुमारे ८३.६८ रुपये होता. त्या दराने आईचे उत्पन्न ४,६३७ डॉलर निघाले, म्हणजे मर्यादेपेक्षा ४१३ डॉलरने कमी. ती बेरीज मी आणि दादाने फोनवर वेगवेगळी करून जुळवून पाहिली. थकबाकीचा आणखी एखादा हप्ता डिसेंबरात जमा झाला असता, किंवा एखाद्या ठेवीचे साठलेले व्याज एकदम मिळाले असते, तर सगळाच विचार तिथे थांबला असता. कारण ही मर्यादा एका डॉलरने ओलांडली तरी सवलत कमी होत नाही, ती पूर्ण जाते.

यानंतरचा भाग निर्वाहाचा, आणि तो मला सर्वांत अवघड गेला, कारण इथे घरातल्या माणसांनी एकमेकांसाठी केलेल्या गोष्टींना किंमत लावावी लागते. प्रकाशन ५०१ मध्ये यासाठी एक तक्ता आहे. त्यात राहण्याची जागा, जेवणखाण, कपडे, औषधोपचार, विमा, प्रवास असे सर्व खर्च मांडायचे, आणि प्रत्येकापुढे तो कोणी केला हे लिहायचे. जागेची किंमत म्हणजे तिथे परक्या माणसाला राहू दिले तर जे भाडे मिळेल ते. माझ्या घराचे भाडे महिना २,४०० डॉलर आहे. आईची खोली आणि सामाईक जागा मिळून निम्मे, म्हणजे १,२०० डॉलर धरले, आणि आसपासच्या खोल्यांच्या जाहिराती पुराव्यादाखल जपून ठेवल्या. ती प्रत्यक्ष माझ्याकडे होती तेवढेच नऊ महिने मोजले, म्हणजे १०,८०० डॉलर. जेवणखाणाचे महिना ३०० प्रमाणे २,७०० झाले.

विम्याचा आकडा मोठा होता. पासष्टीच्या पुढच्या ग्रीन कार्डधारकाला इथे सलग पाच वर्षे झाल्यावर मेडिकेअर हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा विकत घेता येतो. ज्याने इथे कधी नोकरी केलेली नाही त्याला २०२४ मध्ये रुग्णालयाच्या भागासाठी महिना ५०५ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १७४.७० डॉलर द्यावे लागत होते. हे दोन्ही हप्ते मी भरते. वर्षाचे ८,१५६ डॉलर झाले. हप्ते निर्वाहाच्या खर्चात धरायचे, पण मेडिकेअरने रुग्णालयाला दिलेले पैसे धरायचे नाहीत, हा नियम मला आधी माहीत नव्हता. आईच्या डोळ्यांच्या तपासण्यांची मोठी बिले मेडिकेअरने भरली होती, ती तक्त्यात येतच नाहीत. दात, चष्मा आणि औषधे यांवरचे माझे १,४५० डॉलर, आणि कपडे, फोन व किरकोळ प्रवासाचे ९०० डॉलर मिळवून माझा एकूण वाटा २४,००६ डॉलर झाला.

दादाकडचे दोन महिने, म्हणजे जागा आणि जेवण, ह्यूस्टनचे तिकीट आणि भारताचे जाण्या-येण्याचे तिकीट मिळून त्याचा वाटा ४,५०० डॉलर ठरला. हे आकडे मी त्याला विचारून लिहिले. भावा-बहिणींमध्ये असा हिशेब करताना मनावर दडपण येते, हे लपवण्यात अर्थ नाही. दादाने आईसाठी जे वर्षानुवर्षे केले आहे त्याला तक्त्यात जागा नाही. तक्ता फक्त त्या एका वर्षाचा असतो. मी त्याला तसे सांगितले, आणि त्याने दुसऱ्या दिवशी तिकिटांच्या पावत्या स्वतः होऊन पाठवल्या. त्याच फोनवर आम्ही हेही पक्के केले की तो आपल्या विवरणपत्रात आईचे नाव घालणार नाही. दोघा भावंडांनी एकाच व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी क्रमांक दाखवला तर नंतर पाठवलेले विवरणपत्र संगणकावर नाकारले जाऊ शकते, आणि मग दोघांनाही खुलासे करावे लागतात. आयआरएसकडून मिळणारा सहा आकडी आयपी पिन, म्हणजे विवरणपत्र आपलेच असल्याची खूण पटवणारा गुप्त क्रमांक, घेऊन ठेवणे यासाठी, आणि एकूणच आपल्या क्रमांकाच्या सुरक्षिततेसाठी, उपयोगी आहे.

आईचा स्वतःचा वाटा काढायला मी बसले तेव्हा ती थोडी दुखावली. तिचे म्हणणे असे होते की माझे पेन्शन आहे, मी कोणावर ओझे नाही, मग सरकारला तू असे का सांगतेस? तिला मी सांगितले की सरकार तुझी योग्यता विचारत नाही, गेल्या वर्षी कोणाच्या खिशातून किती गेले एवढेच विचारते. ती काही वेळ बोलली नाही आणि मग तिने भारतातल्या महिन्याची हिशेबाची वही आणून दिली. बाबांच्या काळापासून ती रोजचा खर्च लिहिते. त्या वहीत नातवंडांना दिलेल्या भेटी आणि देवस्थानाच्या देणग्या वेगळ्या लिहिलेल्या होत्या. त्या दुसऱ्यांसाठी असल्यामुळे तिच्या निर्वाहात धरायच्या नव्हत्या. तिच्या स्वतःच्या प्रवासावर, औषधांवर, दातांच्या उपचारांवर आणि कपड्यांवर १,५०,००० रुपये, म्हणजे १,७९३ डॉलर खर्च झाले होते. तिच्या पेन्शनचा बाकीचा भाग बँकेतच राहिला, आणि साठवलेला पैसा हा निर्वाहावर केलेला खर्च मानला जात नाही. त्यामुळे एकूण ३०,२९९ डॉलरपैकी माझा वाटा ७९ टक्के ठरला. त्या वहीशिवाय हा आकडा मला इतक्या विश्वासाने लिहिता आला नसता.

८ मार्चला, शनिवारी, एन्रोल्ड एजंट बाईंकडे आमची भेट ठरली होती. आईलाही सोबत आणायला त्यांनी सांगितले होते. हेड ऑफ हाउसहोल्ड किंवा डिपेंडंटचे क्रेडिट असेल तर पैसे घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्याला करदात्याला प्रश्न विचारून उत्तरांची नोंद ठेवावी लागते आणि फॉर्म ८८६७ जोडावा लागतो. त्यामुळे त्यांचे प्रश्न बारीक होते आणि ते तसे असणे मला आश्वासक वाटले. आईचे मुख्य घर वर्षभर माझेच होते का, यावर त्यांनी बराच वेळ घालवला. दादाकडचे दोन महिने आणि भारतातला महिना ही तात्पुरती अनुपस्थिती आहे हे दाखवण्यासाठी मेडिकेअरची पत्रे, तिच्या डॉक्टरांच्या नोंदी, बँकेचा पत्ता आणि परतीची तिकिटे त्यांनी पाहिली. जो सल्लागार काहीच न विचारता चौकटीत खूण करतो, त्याच्याकडे हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच भेटीत मला माहीत नसलेली एक महत्त्वाची गोष्ट समजली. आई डिपेंडंट नसती तर इतक्या कमी उत्पन्नावर तिला विवरणपत्र भरण्याची गरज नव्हती. पण जिला कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकते, अशा पासष्टीच्या पुढच्या अविवाहित किंवा विधवा व्यक्तीचे पेन्शन, व्याज अशा प्रकारचे उत्पन्न २०२४ मध्ये ३,२५० डॉलरपेक्षा अधिक असेल, तर तिला स्वतःचे विवरणपत्र भरावे लागते, आणि तिची प्रमाणित वजावटही तेवढ्यावरच थांबते. म्हणजे आईच्या ४,६३७ डॉलरपैकी १,३८७ डॉलर करपात्र ठरले आणि त्यावर १३९ डॉलर कर आला. भारतात कापलेल्या करातला बहुतेक भाग तिथले विवरणपत्र भरल्यावर परत मिळणारा होता, आणि जो परत मागता येतो तो कर इथे वजा करून घेता येत नाही. जो थोडा भाग उरला असता त्यासाठी वेगळा फॉर्म भरून फारसे हाती लागणार नव्हते, म्हणून आम्ही तो नाद सोडला. तिच्या विवरणपत्रात, मला कोणीतरी डिपेंडंट म्हणून दाखवू शकते, या चौकटीत खूण करणे फार आवश्यक आहे. ती राहिली तर दोन्ही विवरणपत्रे एकमेकांशी जुळत नाहीत.

परदेशी खात्यांचा अहवाल, ज्याला सगळे फेबार म्हणतात, तोही याच वेळी पाहिला गेला. भारतातल्या सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाली तर तो भरावा लागतो, मग कर देय असो वा नसो. आईच्या ठेवी त्याहून अधिक असल्यामुळे दादा तिच्या वतीने तो दरवर्षी भरत आला आहे. तो आयआरएसकडे न जाता फिन्सेन या अर्थखात्याच्या दुसऱ्या विभागाच्या संकेतस्थळावर जातो, त्याला शुल्क नाही, आणि १५ एप्रिलची मुदत चुकली तर १५ ऑक्टोबरपर्यंत ती आपोआप वाढते. न भरल्याचा दंड मात्र कोणत्याही सवलतीपेक्षा फार मोठा असू शकतो. ज्यांच्या आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळून काही वर्षे झाली आहेत आणि ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही, त्यांनी डिपेंडंटचा विचार करण्याआधी हा विषय मार्गी लावावा.

२४ मार्चला दोन्ही मसुदे आले. मी प्रत्येक आकडा आमच्या तक्त्याशी पडताळून पाहिला, आईने आपले विवरणपत्र माझ्याकडून समजावून घेतले, आणि २ एप्रिलला आम्ही दोघींनी संमतीच्या फॉर्मवर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही स्वीकारले गेल्याचा संदेश आला. तो वाचेपर्यंत माझ्या मनावर किती ताण होता हे मला तेव्हा जाणवले. आईचे १३९ डॉलर आयआरएसच्या संकेतस्थळावरून तिच्या खात्यातून थेट भरले. ते आपणच भरणार असा तिचा आग्रह होता. माझा संघीय परतावा १७ एप्रिलला जमा झाला आणि न्यू जर्सीचा मेच्या मध्यास. न्यू जर्सीत डिपेंडंटमागे १,५०० डॉलर उत्पन्नातून वजा होतात. माझ्या दराने त्याचे सुमारे ८३ डॉलर वाचले. आईचे उत्पन्न १०,००० डॉलरपेक्षा कमी असल्यामुळे तिला राज्याचे विवरणपत्र भरावे लागले नाही. मात्र आई करासाठी डिपेंडंट ठरली तरी तिला माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात घेता आले नाही. बहुतेक कंपन्यांच्या योजनांत आई-वडील बसत नाहीत, आणि त्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नसतो.

पुढे कधी विचारणा झाली तर आयआरएस कोणते पुरावे मागते, याची यादी ८८६-एच या मालिकेतल्या फॉर्मांत आहे. एक डिपेंडंटसाठी आणि एक हेड ऑफ हाउसहोल्डसाठी. मी फाइल त्याच क्रमाने लावली आहे: माझा जन्मदाखला, ज्यावर आईचे नाव आहे, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, तिचे ग्रीन कार्ड, घराचा करार आणि भाड्याच्या नोंदी, मेडिकेअरचे हप्ते, औषधांच्या पावत्या, दादाचे पत्र, आईच्या वहीच्या पानांच्या प्रती, आणि भारतातल्या बँकेची विवरणे विनिमय दराच्या कागदासह. कायद्याने साधारण तीन वर्षे कागद ठेवावे लागतात. मी त्याहून अधिक ठेवणार आहे. जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव असेल तर विवाहाची नोंदही सोबत लागते. आपल्याकडच्या अनेक जुन्या दाखल्यांत ही अडचण येते आणि भारतातून कागद मागवायला महिने जातात, तेव्हा ते आधी पाहावे.

२०२५ साठी उत्पन्नाची मर्यादा ५,२०० डॉलर झाली आहे, आणि ५०० डॉलरचे क्रेडिट जुलै २०२५ मधल्या कायद्याने कायम करण्यात आले आहे. आईच्या दोन ठेवींची मुदत त्याच वर्षी संपत होती. त्यांचे साठलेले व्याज एकाच वर्षात पदरात पडून मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून, त्या पुन्हा ठेवताना आम्ही दर तिमाहीला व्याज देणाऱ्या ठेवी घेतल्या आणि मुदती वेगवेगळ्या वर्षांत पडतील असे पाहिले. निर्वाहाच्या तक्त्यातले रकाने मी आता दर महिन्याच्या शेवटी भरते.

दादाची मुलगी कॉलेजला बाहेरगावी जाणार आहे, आणि त्यानंतर आईने वर्षातले सहा महिने आपल्याकडे राहावे असे वहिनीला वाटते. तसे झाले तर आमच्यापैकी एकाचाही वाटा निम्म्याहून अधिक राहणार नाही, अशी शक्यता आहे. त्या स्थितीसाठी फॉर्म २१२० आहे: भावंडांनी मिळून निम्म्याहून अधिक खर्च केला असेल, तर दहा टक्क्यांहून अधिक वाटा असलेला कोणीही एक जण, बाकीच्या तशाच वाटेकऱ्यांची लेखी संमती घेऊन, आईला डिपेंडंट म्हणून दाखवू शकतो. पण अशा संमतीने दाखवलेल्या आईच्या आधारे हेड ऑफ हाउसहोल्ड हा वर्ग मिळत नाही. म्हणजे मला ते ३,३०० डॉलर सोडावे लागतील आणि आम्हा दोघांपैकी एकाला ५०० डॉलर मिळतील. दादाला मी हे सांगितले आहे, आणि आईचा मुक्काम आईच्या आणि वहिनीच्या सोयीने ठरेल, विवरणपत्राच्या सोयीने नाही, हेही त्याला सांगितले आहे. पुढचा हिवाळा ती ह्यूस्टनला काढणार आहे, आणि त्या वर्षीचा तक्ता आम्ही दोघे मिळून भरणार आहोत.